सूचक

पावसाळ्याचे दिवस होते. उल्हास नदी दोन्ही काठ चाटत चालली होती आणि आंबिवली स्टेशनाकडून येणाऱ्या रस्त्यावर इतके पाणी साचले होते की, माझ्या वर्गात उणीपुरी चौदा मुले हजर होती. अशा दिवशी धडा पुढे रेटण्यात अर्थ नसतो. आदल्या दिवशी मी मुलांना इंग्रजीचा एक उतारा घरी वाचायला दिला होता. त्यातले अडलेले शब्द विचारा, असे मी म्हणालो आणि खुर्ची खिडकीपासून जरा आत ओढून बसलो. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, 'सजेस्टिव्ह' म्हणजे काय?"

"सूचक," मी सांगून टाकले.

"पण सर, मी बाबांच्या फोनवर पाहिला. तिथं दुसरापण अर्थ आहे." एवढे बोलून ती थांबली. तो दुसरा अर्थ तिने सांगितला नाही, नुसती मान खाली घातली. मागल्या बाकावर कोणीतरी खुदकन हसले. मग तीच धीर करून म्हणाली, "सर, मग सूचक बोलणं वाईट असतं का?"

वाचकहो, वीसएक वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला अशा वेळी काय करावे हे ठाऊक असते. मी खोकलो, फळा पुसला आणि घंटा होण्याची वाट पाहू लागलो. घंटा झाली. परंतु प्रश्न काही वर्गात राहिला नाही, तो माझ्याबरोबर घरी आला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, कादंबऱ्या लिहिणारा माणूस. पंडितांच्या वाटेला जाण्याची माझी छाती नाही. तरी जुन्या पुस्तकांतून जे हाती लागले ते इतके मनोरंजक, आणि मधूनमधून इतके जिवावर बेतणारे निघाले की, दिवाळीच्या फराळाबरोबर तुमच्यापुढे ठेवावे असे वाटले.

प्रथम इंग्रजांचे पाहू. 'सजेस्ट' हे मूळ लॅटिन. 'खालून आणून ठेवणे' असा त्याचा धात्वर्थ. म्हणजे समोरून ताट वाढायचे नाही, पानाखालून हळूच काहीतरी सरकवायचे. विशेषण सतराव्या शतकापासून इंग्रजीत आहे आणि बराच काळ ते सोवळे होते. मनात विचार जागा करणारे, एवढाच त्याचा अर्थ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र त्याला तो दुसरा, मान खाली घालायला लावणारा अर्थ चिकटला. उघड बोलण्याची लाज वाटू लागली की आडून बोलण्याला नको तो वास येऊ लागतो. व्हिक्टोरिया राणीच्या त्या सभ्य राज्यात असे व्हावे यात नवल नाही.

त्याच घराण्यातला दुसरा शब्द 'इन्युएन्डो'. हाही लॅटिनच. 'मानेने खुणावून' असा त्याचा सरळ अर्थ. हा शब्द वाढला मात्र कोर्टात. कोणी कोणाची बेअब्रू केली की फिर्यादीत आरोपीचे वाक्य उतरवून घेत आणि जिथे नाव न घेता 'तो' म्हटले असेल तिथे हा शब्द घालून 'म्हणजे फिर्यादी' असे लिहीत. आडून बोललेले कोर्टापुढे उघडे करून मांडण्याचे ते हत्यार होते. हे हत्यार पुढे आपल्याकडे आले. त्याची हकीकत सांगायचीच आहे, पण आधी घरातले सांगून घेतो.

आपल्याकडे सूचक बोलण्याची शाळा स्वयंपाकघरात भरते. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण ज्या भाषेत आहे तिला इंग्रजांकडून काय शिकायचे? माझी आजी या विद्येत निष्णात होती. सुनेने भाजीत मीठ जास्त घातले तर ती सुनेला चकार शब्द बोलत नसे. मांजराला म्हणे, "पाणी पी गं बाई, आज तुला तहान लागेल." मांजर बिचारे शेपटी हलवी आणि माझी आई पदराने डोळे पुसे. टोमणा, खोच, मेख, कानपिचकी, आडवळण, मोघम बोलणे, टोचून बोलणे, किती शब्द सांगावेत! यातले 'टोचून बोलणे' तर मुळाशीच जाऊन पोहोचते. संस्कृतात सूची म्हणजे सुई, आणि सुचवणे, सूचना, सूचक ही सारी तिचीच नात्यातली माणसे. सूचक शब्द बारीक असतो, आत शिरतो आणि बाहेरून भोक दिसत नाही.

थोर माणसांनीही हीच विद्या वापरली आहे. पांडव वारणावताला निघाले तेव्हा तिथल्या लाक्षागृहाची बातमी विदुराला होती. भर लोकांत, कौरवांची माणसे उभी असताना ती सांगायची कशी? विदुराने युधिष्ठिराला कोड्यात चार गोष्टी सांगितल्या. शस्त्र लोखंडाचेच असते असे नाही. वणवा रान जाळतो, पण बिळात राहणाऱ्याला जाळीत नाही. युधिष्ठिर म्हणाला, समजले. कुंतीला काहीच कळले नाही. वाटेत तिने विचारले, तेव्हा त्याने उलगडून सांगितले. पाच मुले आणि एक आई त्या कोड्यामुळे वाचली. आमच्या वर्गातल्या मुलीला हे तेव्हाच सांगायला हवे होते, पण मास्तरांना शहाणपण घंटा झाल्यावर सुचते.

या विद्येचे शास्त्र केले ते काश्मीरच्या पंडितांनी. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिला आणि काव्याचा जीव सांगितलेल्या अर्थात नसून सुचवलेल्या अर्थात असतो, असे मांडले. पुढे मम्मटाने 'सूर्य मावळला' या साध्या वाक्याचे उदाहरण घेतले. सेनापतीला त्यातून चढाईची वेळ कळते, गुराख्याला गुरे वळवायची, मजुराला काम थांबवायचे, ब्राह्मणाला संध्येचे, प्रियकराला भेटायला निघालेल्या स्त्रीला आणखी काही. वाक्य एक, अर्थ ऐकणाऱ्याइतके. मोहन्यात हे समजायला मम्मट लागत नाही. आमच्याकडे एन्.आर्.सी.चा भोंगा होता. तो झाला की पाळीवाला सायकलला टांग मारी, बायका तवा चढवीत, चहावाला आधण टाकी आणि पोरे दप्तर शोधू लागत. भोंगा सर्वांना एकच शब्द बोले आणि प्रत्येक जण आपापला अर्थ ऐके. २००९ साली कारखाना बंद पडला. त्यानंतरच्या शांततेचाही प्रत्येक घरात वेगवेगळा अर्थ झाला.

असो. आता या शब्दाचा एक जुना अर्थ सांगतो. तो वाचून मी पुस्तक खाली ठेवले होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सूचक' म्हणजे आडून बोलणारा कवी नव्हे. सूचक म्हणजे बातमी देणारा, चहाडखोर म्हणा हवे तर. सरकारी पैसा कोणी खाल्ला याची खबर जो देईल आणि ती खरी ठरेल, त्या सूचकाला त्या पैशाचा सहावा हिस्सा मिळावा आणि तो नोकर असेल तर बारावा, असा तिथे दर ठरवून दिलेला आहे. नावावाचून बोलणारा तो सूचक, आणि त्याचे नाव सरकारला नेऊन सांगणारा तोही सूचक! एका शब्दाच्या पोटात चोर आणि शिपाई दोघे नांदत आहेत. आजच्या निवडणुकीच्या अर्जावर 'सूचक' आणि 'अनुमोदक' सह्या करतात, तो तिसरा. तो बिचारा निरुपद्रवी.

पहिले दोघे आपल्या महाराष्ट्रात समोरासमोर आले ते इंग्रजी अमलात.

पहिली ठिणगी तशी कलकत्त्यात पडली. १८७६ च्या सुमारास तिथल्या एका बड्या वकिलाने युवराजाला आपल्या जनानखान्यात नेऊन स्वागत केले. लोकांना ते रुचले नाही. वकिलाचे नाव जगदानंद. लगेच रंगभूमीवर 'गजदानंद' नावाचे प्रहसन आले. दोन अक्षरांची अदलाबदल, बाकी काही नाही. सरकारने प्रहसन थांबवले, नाटकवाल्यांनी ते नाव बदलून पुन्हा केले, आणि अखेर त्याच वर्षी नाटकांवर बंदी घालण्याचा कायदाच झाला. त्याआधी, १८७० साली, दंडसंहितेत १२४-अ हे राजद्रोहाचे कलम घातले गेले होते. त्यात मध्यवर्ती शब्द होता 'डिसअफेक्शन'. या एका शब्दाने पुढे काय काय केले ते पाहा.

१८९७ साल. पुण्यात प्लेग, आणि प्लेगपेक्षा प्लेगच्या बंदोबस्ताचा त्रास अधिक. जूनच्या १२ तारखेला शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. १५ तारखेच्या 'केसरी'त त्याचा वृत्तांत आला आणि 'शिवाजीचे उद्गार' ही कविता आली. महाराज जागे होऊन आपल्या देशाची दशा पाहतात आणि खेद करतात, असा तिचा आशय. खाली कवीचे नाव नाही, 'भवानी तलवार' अशी निशाणी. २२ तारखेच्या रात्री चाफेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली.

खटला सप्टेंबरात मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. ज्यूरी नऊ जणांची, त्यांत सहा युरोपियन. कवितेत इंग्रजांचे नाव घेऊन उठाव करा असे कोठे म्हटले होते? लेख अफझलखानाच्या वधाविषयी होता, आणि अफझलखान तर १६५९ सालीच मेला होता. पण सरकारचे म्हणणे असे की, लेखाचे तोंड अफझलखानाकडे आणि बोट भलतीकडे आहे. स्ट्रॅचीसाहेबांनी ज्यूरीला सांगितले की लेख कोणत्या वेळी लिहिला, वाचणारे कोण, त्यांची मनःस्थिती कशी, हे सारे ध्यानात घ्या. मम्मटाचा सिद्धांतच हा! अर्थ ऐकणाऱ्यावर असतो. फरक एवढाच की मम्मटाच्या पुस्तकात ऐकणारा आनंदित होतो आणि इथे बोलणारा तुरुंगात जातो.

आणि 'डिसअफेक्शन'चा अर्थ? साहेबांनी तो 'अफेक्शनचा अभाव' असा लावला. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे हाही गुन्हा! व्याकरण शिकवणारा माणूस म्हणून मला इथे थांबल्यावाचून राहवत नाही. आपल्या वैयाकरणांनी 'अ' या नकाराचे सहा अर्थ सांगितले आहेत. सारखेपणा, अभाव, वेगळेपणा, थोडेपणा, वाईटपणा आणि विरोध. 'अधर्म' म्हणजे धर्म नसणे नव्हे, धर्माच्या उलट वागणे. 'अनुदरा' म्हणजे पोट नसलेली स्त्री नव्हे, बारीक कमरेची. तेव्हा 'अप्रीती'तला 'अ' अभावाचा की विरोधाचा, हा प्रश्न पाठशाळेतल्या पोराने विचारला असता. कलकत्त्याच्या 'बंगबासी' पत्राच्या खटल्यात १८९१ साली या शब्दावर खल झाला होता आणि तिथल्या सरन्यायाधीशांनी तो शब्द प्रेमाच्या उलट असलेल्या भावनेचा मानला होता. मुंबईत अभावाचा अर्थ घेऊन ज्यूरीला समजावले गेले. सहा विरुद्ध तीन अशा मतांनी टिळक दोषी ठरले. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरीची. पुढल्याच वर्षी, १८९८ साली, कलम सुधारले गेले आणि बेइमानी व वैरभाव यांचा समावेश असे स्पष्टीकरण घातले गेले. आपला अर्थ कच्चा होता हे सरकारने असे न बोलता कबूल केले. ही कबुलीही सूचकच म्हणायची.

मला या खटल्यात सर्वांत विलक्षण वाटते ते दुसरेच. लेख मराठी, कविता मराठी आणि निकाल इंग्रजी भाषांतरावर. ज्यांना शिवाजी या नावाने अंगावर काटा येत नाही, त्या माणसांनी त्या नावातून काय सुचते ते ठरवायचे! १९०८ च्या दुसऱ्या खटल्यात टिळकांनी हाच मुद्दा धरला. त्यांनी स्वतःचे काम स्वतः चालवले, एकवीस तास आणि दहा मिनिटे भाषण केले, सरकारी भाषांतरातल्या चुका एकामागून एक दाखवल्या आणि ज्यूरीला मराठी येत नाही हे सांगितले. न्यायाधीश होते दिनशा दावर. १८९७ साली टिळकांना जामीन मिळवून देणारे बॅरिस्टर ते हेच. सात विरुद्ध दोन. सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा, ती त्यांनी मंडालेला भोगली.

या मराठी लेखांतले बोट कोणाकडे आहे हे साहेबाला कळे कसे? त्यासाठी मुंबई सरकारचे एक खाते होते, ओरिएंटल ट्रान्सलेटरचे. देशी पत्रे दर आठवड्याला वाचायची, त्यांतले आक्षेपार्ह निवडायचे, इंग्रजीत उतरवायचे आणि सरकारला गुप्त अहवाल द्यायचा. हे काम करायला मराठी उत्तम जाणणारी माणसे लागत. मी पुष्कळदा त्या खोलीचे चित्र डोळ्यांपुढे आणतो. गृहस्थ सकाळी घरी मुलांना भारुडाचा गूढार्थ समजावून सांगत असेल, विंचू म्हणजे विंचू नव्हे, कामक्रोध, असे. आणि अकरा वाजता कचेरीत बसून तीच विद्या वापरून लिहीत असेल, अफझलखान म्हणजे अफझलखान नव्हे. पोट सर्वांनाच आहे. मी त्याला दोष देत नाही. पण कौटिल्याचा तो जुना सूचक तिथे पुन्हा नोकरीला लागला होता, एवढे मात्र खरे, आणि पगार सहाव्या हिश्शाचा नव्हता.

आमचा ठाणे जिल्हाही या प्रकरणात मागे नव्हता. १८६६ साली ठाण्यात 'अरुणोदय' निघाला आणि त्याच घरातून १८७२ मध्ये 'हिंदुपंच' हे विनोदी साप्ताहिक. लंडनच्या 'पंच'चा हा मराठी भाचा चिमटे काढण्यात पटाईत होता. पण आडून बोलण्याची सवय लागली की माणूस कधी कोणावर घसरेल याचा नेम नाही. टिळकांच्या शिक्षेत गोपाळ कृष्ण गोखल्यांचा हात होता असे 'हिंदुपंचा'ने सुचवले. गोखल्यांनी बेअब्रूची फिर्याद केली आणि १९०९ साली पत्र मिटले. सूचक बोलणाऱ्यांची बाजू घेऊन लिहिताना ही गोष्ट लपवावी असे मला क्षणभर वाटले होते. पण सुई ती सुईच, गोधडीही शिवते आणि बोटातही शिरते.

या कलेतला खरा पट्टीचा माणूस म्हणजे शिवराम महादेव परांजपे. १८६४ चा जन्म, महाडचे. (त्याच वर्षी आमच्या कल्याणचे सार्वजनिक वाचनालय स्थापन झाले, हा आपला योगायोग.) १८९८ साली त्यांनी 'काळ' काढले आणि दहाएक वर्षे मराठी तरुणांना वक्रोक्तीचे वेड लावले. परांजपे सरकारची निंदा करीत नसत, स्तुती करीत. इतकी गोड, इतकी वाकून केलेली स्तुती की, वाचणाऱ्याच्या मुठी वळत. त्या स्तुतीतून गुन्हा बाहेर काढायचा म्हणजे फिर्यादी पक्षानेच उभे राहून सांगायचे की, महाराज, हा आम्हांला चांगले म्हणतो आहे आणि ते शक्यच नाही! तरी १९०८ साली त्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झालीच. पुढे 'काळ' बंद पडला आणि त्यातल्या निबंधांचे संग्रहही सरकारने जप्त केले.

आणि आता 'कीचकवध'. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे, टिळकांच्या हाताखाली 'केसरी'त तयार झालेले. त्यांचे हे गद्य नाटक महाराष्ट्र नाटक मंडळीने १९०७ साली रंगभूमीवर आणले. कथा विराटपर्वातली. पांडव अज्ञातवासात, द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची दासी झालेली. राजाचा मेहुणा कीचक तिच्यावर डोळा ठेवतो. युधिष्ठिर म्हणतो, धीर धर. भीम म्हणतो, आज रात्रीच. पुढचे आपण सारे लहानपणापासून जाणतो. नाटकात व्हाइसरॉय नाही, बंगाल नाही, काँग्रेस नाही. पण लॉर्ड कर्झन यांनी १९०५ साली बंगालची फाळणी केली होती, मवाळ अर्ज करीत होते, जहाल दंड थोपटीत होते, आणि नाटक आले त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस दुभंगली. प्रेक्षकांना काही सांगावे लागले नाही. कीचकाच्या उद्दाम वाक्यांना लोक दात ओठ खात आणि भीम उठला की थिएटर उठे.

दोन अडीच वर्षे नाटक चालले. मग १९१० साली लंडनच्या 'टाइम्स'चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी हिंदुस्थानातल्या असंतोषावरचे आपले पुस्तक काढले, त्यात या नाटकाचा कोष्टकच दिला आहे. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल. नाव कोठेही घेतलेले नाही, पण थिएटरातल्या प्रत्येकाला ते माहीत आहे, असा त्यांचा अभिप्राय. त्याच वर्षी मुंबई सरकारने नाटकावर बंदी घातली.

आता गंमत पाहा. खाडिलकरांनी कीचकाला कर्झन म्हटले नव्हते. ते म्हटले साहेबांनी. परस्त्रीवर हात टाकणारा, दासीला लाथ मारणारा, माजलेला राजशालक पाहून हा आमचा माणूस, अशी ओळख त्यांनी स्वतः पटवली, आणि ती छापली. बंदी घालायची तर हे कबूल करण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि न घालावी तर रोज रात्री भीम कीचकाला मारणार. मला वाटते, मराठी लेखकाने सरकारला यापेक्षा सुंदर पेचात कधी पकडले नसेल. खाडिलकर पुढल्याच वर्षी 'मानापमान' घेऊन संगीत रंगभूमीवर आले आणि लोक गाण्यात रंगले. पण ज्यांनी 'कीचकवध' पाहिले होते ते ते विसरले नाहीत.

१९१० सालची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि माझ्या मते ती या साऱ्या कथेचा कळस आहे. त्या वर्षी नवा प्रेस ॲक्ट झाला. नव्या छापखान्याकडून पाचशे ते दोन हजार रुपयांचा जामीन, जुन्यांकडून पाच हजारांपर्यंत. लेख आक्षेपार्ह वाटला की जामीन जप्त. आक्षेपार्ह कशाला म्हणावे हे चौथ्या कलमात सांगितले होते. तिथे कायदा करणाऱ्यांनी एक यादी दिली. मजकूर प्रत्यक्ष असो की अप्रत्यक्ष, अनुमानाने असो, सूचनेने असो, उल्लेखाने असो, रूपकाने असो, गर्भितार्थाने असो वा आणखी कशाने. मी ही यादी दोनदा वाचली. हा कायदा आहे की अलंकारशास्त्राची अनुक्रमणिका? आनंदवर्धनाला हजार वर्षांपूर्वी जे सिद्ध करायला चार उद्योत लिहावे लागले ते हिंदुस्थान सरकारने एका कलमात मान्य करून टाकले. रूपक हा अलंकार आम्ही मुलांना दोन गुणांसाठी शिकवतो. एके काळी त्याची किंमत पाच हजार रुपये होती!

या कलमाच्या व्याप्तीवर इंग्रज न्यायाधीशांनीही बोट ठेवले. १९१३ साली 'कॉम्रेड'चे संपादक महंमद अली यांचे एक पत्रक जप्त झाले. प्रकरण कलकत्त्याच्या हायकोर्टात सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्यापुढे आले. हे पूर्वी आमच्या मुंबईचे सरन्यायाधीश होते. कलमाची भाषा इतकी विस्तृत आहे की मान्यवर ग्रंथही तिच्या तावडीत सापडतील, असे ते म्हणाले, आणि तरीही महंमद अलींना दाद देता आली नाही. १९२२ साली तो कायदा रद्द झाला.

इथवर मी पोक्तपणे लिहीत आलो, पण एक गोष्ट माझ्या मनाला टोचते आहे. ती सांगितल्याशिवाय हा लेख खोटा होईल. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका शाळेच्या संमेलनासाठी नाटुकले लिहिले होते. त्यात एक कोंबडा होता. आपण आरवलो म्हणून सूर्य उगवतो अशी त्याची पक्की समजूत, आणि इतर कोंबड्यांनी आपल्या परवानगीशिवाय आरवू नये असा त्याचा हुकूम. रंगीत तालमीला शाळेशी संबंध असलेले एक वजनदार गृहस्थ आले होते. त्यांनी नाटुकले पाहिले, चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी मला निरोप आला, कोंबडा काढून टाका. मी भेटायला गेलो. ते म्हणाले, "मास्तर, हा कोंबडा कोण?"

मी म्हणालो, "साहेब, कोंबडाच. मुलांचं नाटक आहे."

"मला उद्देशून नाही ना?"

"छे, छे!"

ते खोटे होते. तो कोंबडा तेच होते, तुरा आणि चालीसकट. घरी येताना मी मनात हसत होतो की कसे यांनी स्वतःला ओळखले. पण कोंबडा मी काढला. त्या जागी पोपट घातला, निरुपद्रवी, 'शिस्त पाळा' म्हणणारा. कोंबड्याचे काम करणाऱ्या मुलाने महिनाभर आरवण्याचा सराव केला होता. त्याने मला काही विचारले नाही, नुसता पाहत राहिला. परांजप्यांनी नाही म्हटले असते तर ते एकोणीस महिने वाचले असते का, ठाऊक नाही. मी म्हटले, आणि माझी नोकरी वाचली. आडून बोलण्यात ही एक पळवाट असते, आणि ती वापरल्यावर मागे वळून पाहवत नाही.

दुसऱ्या आठवड्यात पाऊस ओसरला, वर्ग भरला. मी फळ्यावर 'सूचक' असे मोठ्या अक्षरांत लिहिले आणि खाली तिन्ही अर्थ मांडले. आडून सांगणारा, नाव सुचवणारा, आणि बातमी पोहोचवणारा. विदुराची गोष्ट सांगितली, कीचकाची सांगितली. फोनमधला तो चौथा अर्थ मी सोडून दिला, पण सूचक बोलणे वाईट असते का याचे उत्तर म्हणून त्या मुलीला वारणावताचे बीळ आणि 'हिंदुपंच' दोन्ही सांगितले. तिने सारे वहीत उतरवून घेतले. मग फळ्याच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे पाहत राहिली. तिथे मॉनिटरने तास सुरू होण्यापूर्वी बोलणाऱ्या मुलांची नावे लिहून ठेवली होती, आणि तिसरे नाव तिचे होते.

"सर," ती म्हणाली, "मॉनिटर यातला कितवा?"